घामाची गोडी

आपल्याकडे व्यायामाविषयीं जें कांहीं लिहिलें गेलें आहे, तें बहुतेक मोठ्या गंभीर मुद्रेनें लिहिलेलें आहे. व्यायाम म्हटला कीं बलोपासना आली, मारुतीचें देऊळ आलें, पहाटेचें थंड पाणी आलें. शाळेंत याच व्यायामाचें दुसरें रूप भेटे : उत्तर चुकलें कीं उठाबशा. एकीकडे व्रत आणि दुसरीकडे शिक्षा. या दोहोंच्या मध्यें, माणसाला आपण होऊन देह हलवावासा वाटेल, असा एखादा तिसरा मार्ग असूं शकतो हें सांगण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली. सडपातळ माणसाचें त्यावांचून फारसें अडत नाहीं. स्थूल माणसाचें अडतें. आणि ज्या स्थूल माणसाच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्याचें तर पदोपदीं अडतें. मी या शेवटच्या वर्गांत मोडतें. तेव्हां या विषयावर चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला पोंचतो, असें मी समजतें.

तीन वर्षांपूर्वीं पुण्याच्या एका रुग्णालयांत माझ्या जठराचा मोठा भाग काढून टाकण्यांत आला. त्या वेळीं माझें वजन ११२ किलो होतें. गुडघे बोलत होते, रक्तांतली साखर औषधांना जुमानीत नव्हती, आणि रात्रीं झोपेंत श्वास अडकून मी दचकून जागी होत असें. माझ्या आईचें एक पाऊल याच साखरेनें नेलें होतें. तिची काठीची टकटक अजून माझ्या कानांत आहे. म्हणून मी टेबलावर निजलें. दुधनीला परत आल्यावर समाचाराला आलेल्या मंडळींचा मात्र एकच समज दिसला. आतां ही सुटली. जें करावयाचें तें चाकूनें केलें, हिनें फक्त बारीक होत बसावयाचें! कांहींच्या बोलण्यांत कौतुक होतें, कांहींच्या बोलण्यांत ‘ही तर पळवाट’ असा सूर होता. दोघांचाहि समज एकाच ठिकाणीं चुकत होता.

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाहीं. १९५४ सालीं अमेरिकेंतील कांहीं शस्त्रवैद्यांनीं लहान आंतड्याचा बराचसा भाग वगळून अन्न पुढें नेण्याची युक्ति प्रसिद्ध केली. परंतु तिचे दुष्परिणाम फार निघाले आणि ती मागें पडली. पुढें आयोवा विद्यापीठांतील एडवर्ड मेसन यांच्या ध्यानांत असें आलें, कीं व्रणासाठीं ज्यांचें जठर कापून लहान केलें आहे अशा माणसांचें वजन सहसा वाढत नाहीं. त्या निरीक्षणावरून १९६६ च्या सुमारास त्यांनीं लठ्ठपणासाठीं जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया सुरू केली. आज दुर्बिणीच्या साह्यानें लहान लहान छिद्रांतून जी शस्त्रक्रिया पुष्कळ ठिकाणीं होते, तींत जठराचा सुमारें तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग काढून टाकून उरलेल्या भागाची केळ्याएवढी नळी ठेवतात. पोटांतली जागा कमी होते. शिवाय भूक चाळविणारें एक संप्रेरक जेथें मुख्यतः तयार होतें, तो भागच जातो. महाराष्ट्राला हा विषय नवा नाहीं. २०११ सालीं नितीन गडकरी यांनीं मुंबईंत लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हां घरोघरीं त्याची चर्चा झाली होती.

परंतु चाकूचें राज्य जठरापुरतें. अन्न एकदम कमी झालें म्हणजे देह आपली सांठवण जाळूं लागतो, आणि तो चरबीबरोबर मांसहि जाळतो. जो स्नायु रोज कामाला लावला जातो आणि ज्याला डाळ, मटकी, दही, पनीर यांतून पुरेसें प्रथिन मिळतें, तो टिकण्याचा संभव अधिक. जो नुसता पडून असतो तो झिजतो. पहिल्या वर्ष-दीड वर्षांत वजन झपाट्यानें उतरतें, मग कांटा थांबतो. मधल्या काळांत भूकहि हळूहळू आपल्या जुन्या घरीं परत येऊं लागते, आणि पुष्कळांच्या बाबतींत उतरलेल्या वजनांतलें कांहीं वजन पुन्हां चढतें. म्हणून शस्त्रक्रिया ही मुदतीची संधि आहे. त्या मुदतींत देहाला नवें वळण लावून घ्यावयाचें असतें. मला शस्त्रक्रियेच्या दिवशींच उठवून चार पावलें चालविलें. पहिले सहा आठवडे जड वस्तु उचलावयाची नव्हती. त्यानंतर आठवड्याला निदान १५० मिनिटें दम लागेल असें चालणें किंवा तत्सम श्रम, आणि दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायाम, असा कागद माझ्या हातीं आला. जागतिक आरोग्य संघटनाहि प्रौढ माणसांस हेंच प्रमाण सांगते. कागद बिनचूक होता. त्यांत एकाच गोष्टीचा उल्लेख नव्हता : ही मिनिटें जन्मभर भरावयाचीं कशीं ?

माझ्या भावानें मोठ्या प्रेमानें चालण्याचें यंत्र घरीं आणून दिलें. ट्रेडमिल या नांवानें तें आतां सर्वांच्या परिचयाचें आहे. बटण दाबलें कीं पट्टा मागें सरकतो आणि आपण पुढें चालावयाचें; अर्धा तास चालून उतरावें, तों ज्या भिंतीसमोर चढलों त्याच भिंतीसमोर आपण उभे ! समोरच्या पाटीवर किती मिनिटें झालीं, किती कॅलरी जळल्या, याचे आंकडे सरकत असतात. जिला वजनाच्या आंकड्यांनीं अर्धें आयुष्य छळलें, तिच्यापुढें व्यायामाच्या वेळींहि आंकडेच नाचवावे, यांत मला त्या यंत्राची रसिकता दिसली नाहीं. मी नेमानें तीन महिने चाललें. प्रकृतीला त्याचा गुण आला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पण रोज सकाळीं त्या यंत्राकडे जातांना दाढ काढावयास निघालेल्या माणसाची जी मनःस्थिति असते ती माझी असे. आणि जी गोष्ट जन्मभर करावयाची, ती दाढ काढण्याच्या भावनेनें करतां येत नाहीं. पावसाळ्यांत त्या यंत्रावर पहिल्यांदा ओले कपडे वाळत पडले, आणि घरांतील सर्वांनीं त्याचें हें नवें जीवनकार्य मुकाट्यानें मान्य केलें.

मग मी रस्त्यानें चालूं लागलें. दुधनी हें अक्कलकोट तालुक्यांतलें सरहद्दीवरचें गांव. सोलापूरहून वाडीकडे जाणारी रेल्वे येथून जाते, आणि थोडें पुढें गेलें कीं कर्नाटक लागतो. भुसार मालाची येथें मोठी उलाढाल. कित्येकांच्या घरांत कानडी, शाळेंत मराठी, आणि बाजारांत दोन्ही भाषा एकाच वाक्यांत नांदतात. अशा गांवांत प्रौढ बाईनें कामावांचून रस्त्यानें झपझप चालणें, हा प्रकार समजावून सांगण्यास कठीण. पहिल्या आठवड्यांत दर वीस पावलांवर कोणी ना कोणी मला अडवी. “काय बाई, कुठं निघालात ?” “एल्ली होंटीरी, अक्का ?” या प्रश्नाला ‘कोठेंच नाहीं’ हें उत्तर होऊं शकत नाहीं. ‘व्यायामाला’ असें म्हटलें, तर विचारणाऱ्याची दृष्टि माझ्या डोक्यापासून पायांपर्यंत एकदां फिरून येई, आणि ओठांच्या कोपऱ्यांत हंसूं उमटे. स्थूल माणूस जेवला तरी लोक हंसतात आणि न जेवतां चालूं लागला तरी हंसतात. वजन उतरल्यावर सैल पडलेली कातडी चालतांना घांसते, घामानें चरचरते. पण त्या चरचरण्यापेक्षां तें हंसणें मला अधिक झोंबे.

यावरचा उपाय त्या प्रश्नांतच सांपडला. लोक विचारतात कोठें निघालांत, तर खरोखरच कोठें तरी निघावें ! मी कामें गोळा करूं लागलें. शेजारच्या आजींचें औषध, कोणाचें दळण, कोणाचें टपाल, पुण्याहून येणाऱ्या भाचीला स्टेशनावरून घेऊन येणें. जें काम घरांतलीं मुलें दुचाकीवर दोन मिनिटांत उरकतील, तें मी पायीं अर्ध्या तासांत करून देऊं लागलें. काम संपलें तरी पाय थांबेनात. स्टेशनाच्या रस्त्यानें मालगाडी दिसली कीं तिचे डबे मोजण्याचा लहानपणचा नाद पुन्हां जडला. कधीं बेचाळीस भरत, कधीं अठ्ठावन्न. गांवाबाहेरच्या रस्त्यानें ऋतु चालत असतात, हें मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतें. कार्तिकाच्या सुमारास तुरीचीं शेतें पिवळ्या फुलांनीं भरून जातात. पौषांत शाळूच्या कणसांत हुरडा भरतो. आतां चार घांसांत माझें पोट भरतें. परंतु शेतापर्यंत पायीं चालत जाऊन खाल्लेल्या त्या चार घांसांची चव पूर्वींच्या चार कणसांना नव्हती. उन्हाळा मात्र येथें कठीण. पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि लहान झालेल्या पोटांत एकदम तांब्याभर पाणी मावत नाहीं. तेव्हां पहांटे उजाडण्याच्या आंत निघावें, बरोबर बाटली घ्यावी आणि घोट घोट पाणी पीत जावें, हा नियम मीं स्वतःस घालून घेतला.

चालणें असें अंगवळणीं पडलें. तरी चालणें म्हणजे एकट्याचा धर्म. आपल्या पूर्वसूरींनीं यापुढचा विचार केला होता कीं काय, हें पाहूं लागलें, तेव्हां मला एक गंमत दिसली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्कारांचा प्रसार आयुष्यभर केला. बडोद्यास आबासाहेब मुजुमदार यांनीं व्यायाम-ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं स्थापन झालें, आणि १९३६ सालीं ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं त्याच्या पथकानें बर्लिनला जाऊन आपले देशी व्यायामप्रकार दाखविले. यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतें तें हें, कीं परक्या लोकांपुढें मांडण्यासारख्या आपल्या प्रकारांत या मंडळींनीं कबड्डीलाहि जागा दिली. म्हणजे व्रतस्थ मुद्रेच्या त्या तालीमबाजांनाहि खेळाची किंमत पुरती ठाऊक होती. मात्र हें सारें पुरुषांच्या आखाड्याभोंवतीं घडत होतें. बायकांची तालीम कोठें होती ? ती माजघरांत आणि अंगणांत होती, आणि तिला कोणी तालीम म्हणत नव्हतें.

शस्त्रक्रियेनंतरच्या दुसऱ्या श्रावणांत शेजारच्या नव्या सुनेची मंगळागौर होती. कितीतरी वर्षें अशा जागरणांत माझी जागा भिंतीशीं ठरलेली असे. माझा आवाज बरा असल्यामुळें मी गाणीं म्हणावयाचीं आणि इतरांनीं खेळावयाचें, अशी वांटणी आपोआप होऊन गेली होती. त्या रात्रीं कोणीं तरी हात धरून मला ओढलें. फुगडीसाठीं समोरच्या बाईचे हात धरून मागें झुकावें लागतें, आणि आपला सारा भार तिच्या हवालीं करावा लागतो. तेवढ्या विश्वासाचा प्रसंग माझ्या देहावर वीस वर्षांत आला नव्हता. पहिला फेरा मीं डोळे मिटून घातला. दुसरा डोळे उघडे ठेवून. तिसऱ्या फेऱ्यानंतर मी भिंतीला टेकलें तेव्हां माझी छाती धपापत होती, लुगडें घामानें भिजलें होतें, आणि मी हंसत होतें. घामाला अशी कांहीं गोडी असते हें मला त्या रात्रीं कळलें.

दुसऱ्या दिवशीं मांड्या भरून आल्या, तेव्हां मीं या खेळांकडे वैद्याच्या नजरेनें पाहिलें. कोंबडा घालणें म्हणजे उकिडवें बसून उड्या मारणें. मांड्यांना यापरता कठीण व्यायाम कोणत्या व्यायामशाळेंत मिळेल? झिम्म्यांत पाय आणि खांदे एकाच वेळीं कामाला लागतात, पिंग्यांत कंबर, फुगडींत दंड, पाठ आणि तोल. नागपंचमीच्या झोक्यावर उभें राहून झोका चढवितांना गुडघ्यांचे स्नायु कसे बोलतात, तें चढविणारीलाच ठाऊक. श्रम मध्यम प्रतीचे आहेत कीं नाहींत हें ओळखण्याची एक सोपी खूण डॉक्टर सांगतात : बोलतां यावें, पण गातां येऊं नये. आमच्या आज्यांनीं ही खूण जणूं जाणली होती. रिंगणांतलीचा श्वास जातो, आणि भिंतीशीं बसलेली तिच्यासाठीं गाणें पुढें चालविते. थोड्या वेळानें दोघी जागा बदलतात. श्रम आणि विसांवा यांची ही वांटणी कोणत्याहि छापील तक्त्याहून शहाणी आहे. माझे गुडघे पूर्वींचेच असल्यामुळें मी कोंबड्याच्या वाटेस अजून बेतानेंच जातें. उड्या न मारतां भिंतीला धरून उकिडवें बसतें आणि उठतें. तेवढेंहि पुष्कळ आहे.

श्रावण संपला, पण आम्ही थांबलों नाहीं. दर गुरुवारीं संध्याकाळीं आमच्या अंगणांत नऊ-दहा बायका जमतात. दोघी-तिघींची मातृभाषा कानडी. त्यांनीं आपलीं गाणीं आणलीं, आमचीं घेतलीं, आणि कोणाला कोणता शब्द कळला नाहीं म्हणून फेर कधीं चुकला नाहीं. मंगळागौरीची पूजा पतिनिधनानंतर जिच्या वाट्याची राहत नाहीं, अशी माझी एक बालमैत्रीण पहिल्या दिवशीं दाराशींच घुटमळत उभी होती. आजींनीं तिला हांक मारली. पूजेला सौभाग्याची अट असेल; फुगडीला फक्त दोन हात लागतात. आज आमच्यांत सर्वांत अधिक दम तिचा आहे. चालण्यासाठीं ज्या बायांना सबब लागत होती, त्यांना खेळण्यासाठीं मात्र ती लागली नाहीं, हेंहि मला नमूद करावेंसें वाटतें. एकटी बाई घाम गाळूं लागली तर लोक हंसतात. दहाजणी गाळूं लागल्या तर लोक त्याला कार्यक्रम म्हणतात.

दोन दिवस जड उचलण्याचा जो नियम होता, त्याचीहि मी अशीच व्यवस्था लावून घेतली आहे. पाण्यानें निम्मी भरलेली कळशी दोन्ही हातांनीं छातीपर्यंत उचलणें, खालीं ठेवणें, पुन्हां उचलणें. आठवडे जातात तशी कळशींतली पाण्याची रेघ वर चढते. हें करतांना मला सोलापूरचे नंदीध्वज आठवतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. ते उंच, जड ध्वज कमरेच्या पट्ट्याच्या आधारानें तोलीत तरुण मंडळी मैलोगणती चालते, आणि त्यासाठीं कित्येक दिवस आधींपासून सराव करते. त्यांच्या चेहऱ्यावर श्रमाचें दुःख मीं कधीं पाहिलें नाहीं. वजन तेंच, पण तें मानानें उचललें, सोबत्यांच्या खांद्याशीं खांदा लावून उचललें, म्हणजे त्याचें ओझें होत नाहीं. वीस वर्षें मीहि बरेंच वजन वाहिलें. माझी कोणीं मिरवणूक मात्र काढली नाहीं.

आतां एक अवघड गोष्ट सांगावयाची राहिली. दीड वर्षाच्या सुमारास माझें वजन ७६ किलोंवर येऊन थांबलें. रक्तांतली साखर ताळ्यावर आली होती, झोप शांत झाली होती. परंतु कांटा ढळला नाहीं, आणि सहा-सात महिन्यांनीं तो ७९ वर दिसला. डॉक्टरांनीं समजावून सांगितलें कीं इतपत चढउतार पुष्कळांत आढळतो. आहार तपासून दिला, रक्त तपासलें, जीवनसत्त्वाच्या गोळ्या कधींहि बंद करावयाच्या नाहींत याची आठवण दिली. तें सारें मला पटलें. तरी त्या रात्रीं मला आईची काठी ऐकूं आली. ११२ पासून ७६ पर्यंत आलेल्या माणसाला ७९ या आंकड्यांत ११२ चा पायरव ऐकूं येतो. ज्याला हा प्रवास घडलेला नाहीं त्याला ती धास्ती समजावून सांगणें कठीण आहे.

दुसरा दिवस गुरुवार होता. माझा व्यायाम जर कांट्याच्या शाबासकीवर चालला असता, तर तो त्या दिवशीं थांबला असता. कारण शाबासकी संपली होती. पहिल्या वर्षीं दर आठवड्याला कांटा खालीं जातो, नवे कपडे सैल होतात, भेटणारा प्रत्येक माणूस कौतुक करतो; त्या काळांत कोणताहि कंटाळवाणा व्यायाम माणसाकडून रेटला जातो. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. कौतुक आटतें, कांटा मुका होतो, आणि पुढें उभीं असतात सारीं उरलेलीं वर्षें. त्या वर्षांत टिकतो तो एकच व्यायाम : वजनाचा एक गुंजहि फरक पडणार नाहीं असें कोणीं लिहून दिलें तरी जो आपण केला असता तो. मी संध्याकाळीं अंगणांत गेलें. माझ्या बालमैत्रिणीनें हात पुढें केले. तीन किलो अधिक भार घेऊन मी मागें झुकलें, आणि तिनें तो तोलून धरला. पुढल्या महिन्यांत त्यांतला एक किलो उतरला. दोन अजून आहेत. मीं त्यांची आशा सोडलेली नाहीं, आणि त्यांच्यासाठीं गुरुवारहि सोडलेला नाहीं.

माझी फुगडी प्रत्येकाला मानवेल असें मी म्हणणार नाहीं. कोणाचे गुडघे वेगळे, कोणाचें हृदय वेगळें. शस्त्रक्रियेनंतर काय केव्हां सुरू करावयाचें, हें आपल्या डॉक्टरांस विचारल्यावांचून ठरवूं नये. परंतु त्यांची परवानगी मिळाल्यावर कोणता व्यायाम निवडावा असें जर मला कोणीं विचारलें, तर मी एकच प्रतिप्रश्न करीन : लहानपणीं दिवेलागणीला आईनें हांक मारली, तेव्हां कोणता खेळ टाकून घरांत यावयास तुम्ही रडत होतां ? पोहणें असेल, विटीदांडू असेल, लेझीम असेल, नुसतें झाडावर चढणें असेल. जें उत्तर येईल त्याच्या आसपास कोठें तरी तुमचा व्यायाम आहे. झाडावर आतां चढवणार नाहीं. पण झाडापर्यंत चालत जाण्यास हरकत नसावी.